धाकट्याची बालवाडी, थोरलीची शाळा : ताराबाई मोडक यांनी आपल्याच जिल्ह्यात शोधलेलं उत्तर

जून जवळ आला की घराघरांत एकच विषय निघतो. धाकट्याला यंदा कुठं घालायचं? अर्नाळा, आगाशी, विरार, नालासोपारा, कुठंही जा, बोलणं तेच. नर्सरीची फी किती, रिक्षावाला महिन्याला किती घेतो, डोनेशन मागतात का, उर्दू मीडियम बरं की मराठी की इंग्लिश. घराजवळ जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा असते, पण ती बहुतेक ठिकाणी पहिलीपासून सुरू होते. तीन ते सहा वर्षांचं पोर त्या फाटकाबाहेरच राहतं. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो नर्सरी शोधतो. ज्याच्याकडे नाहीत त्याचं पोर घरीच खेळतं.

या सगळ्या चर्चेत एका मुलीचं नाव मात्र कुणी घेत नाही. ती म्हणजे घरातली थोरली. अम्मी कामावर गेली, नाहीतर घरात शिवणकाम, पॅकिंगचं काम घेऊन बसली, की धाकट्याला सांभाळायचं कुणी? आठ-दहा वर्षांची बहीण असतेच. आधी ती आठवड्यातून एक दिवस शाळा बुडवते, मग दोन दिवस. परीक्षेत मागे पडते. सहावी-सातवीत आल्यावर घरचेच म्हणतात की हिला अभ्यासात गोडी नाही, आता घरकाम शिकू दे. गोडी कधी गेली आणि का गेली, हे कुणी विचारत नाही.

म्हणून शाळेला जोडून बालवाडी हवी, ही मागणी आम्हाला फक्त लहान मुलांची वाटत नाही. ती थोरल्या मुलींच्या शिक्षणाचीही मागणी आहे. आणि ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात, अर्नाळ्याच्याच किनारपट्टीवर थोडं उत्तरेला, एका बाईने फार पूर्वी ओळखली होती. त्यांचं नाव ताराबाई मोडक. पाठ्यपुस्तकात नाव येतं, सरकारी योजनांच्या भाषणांत येतं, पण त्यांनी नेमकं काय केलं हे आपल्या घरांत फारसं ठाऊक नाही. आज त्यांची हकीकत सांगतो.

शिकलेली, एकटी आणि लेकुरवाळी

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, म्हणजे त्या काळच्या सुधारकांचं. मुलींनी शिकावं की नाही यावर बाहेर वाद चालू असताना या घरात मुलगी शिकत होती. 1914 मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवीधर बायका बोटांवर मोजण्याएवढ्याच होत्या.

पुढे अमरावतीच्या एका वकिलाशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. 1921 च्या सुमारास दोघं वेगळे झाले. पदरी लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वीच्या समाजात नवऱ्यापासून वेगळी राहणारी, मूल सांभाळणारी आणि स्वतः कमावणारी बाई म्हणजे काय, याची कल्पना आपल्या वाचकांतल्या बहिणींना सहज येईल. लोक आजही बोलतात. तेव्हा तर काय काय बोलले असतील!

ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका तयार करणारी ही संस्था होती. पद मानाचं, पगार चांगला, आयुष्य मार्गी लागलेलं. दुसरं कुणी असतं तर तिथंच थांबलं असतं. पण मोठ्या मुलींना शिक्षिका बनवताना आणि घरी स्वतःचं लहान मूल वाढवताना त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला होता. शिक्षण सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होतं असं आपण धरून चालतो, मग त्याआधीची वर्षं कुणाची?

भावनगरचे गिजुभाई

या प्रश्नावर काम करणारा एक माणूस काठेवाडातच होता. गिजुभाई बधेका. हे मुळात वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या विचाराने त्यांनी वकिली सोडली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, पाठांतर नाही, घोकंपट्टी नाही. मुलं हाताने काम करतात, गोष्टी ऐकतात, गाणी म्हणतात, आपापल्या गतीने शिकतात. गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने मिशीवाली आई म्हणत.

गिजुभाईंनी आधार घेतला होता तो इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा. आज माँटेसरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महागडी शाळा, रंगीत भिंती आणि युनिफॉर्म येतो. मूळ गोष्ट अगदी उलटी आहे. माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलं. आईबाप मजुरीला जात आणि दिवसभर लहान पोरं चाळीत मोकाट फिरत. त्यांना एका खोलीत नीट सांभाळावं म्हणून ते सुरू झालं. म्हणजे ज्या पद्धतीसाठी आज आपण हजारोंनी फी भरतो, तिचा जन्म मजुरांच्या मुलांसाठी झाला होता.

1923 मध्ये ताराबाईंनी राजकोटचं प्राचार्यपद सोडलं आणि भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. मानाच्या खुर्चीवरून उठून त्या मुलांबरोबर जमिनीवर बसल्या. मूल काय करतं, कशात रमतं, कधी कंटाळतं याच्या नोंदी ठेवायच्या, शिक्षिकांना शिकवायचं, आईबापांशी बोलायचं, असं सुमारे नऊ वर्षं चाललं. 1926 मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षण पत्रिका नावाचं मासिक निघू लागलं. आधी ते गुजरातीत होतं, पुढे मराठीतही आलं आणि मराठीची जबाबदारी ताराबाईंनी उचलली. मुलांना मारू नका, त्यांचं ऐका, त्यांना हाताने करू द्या, हे महाराष्ट्रातल्या शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोहोचवण्यात या मासिकाचा वाटा फार मोठा होता.

दादरचं यश आणि मनातली बोच

पुढे ताराबाई मुंबईला आल्या. 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. बालमंदिर आणि त्यासोबत बालशिक्षिका तयार करणारा अभ्यासक्रम, असं कामाचं स्वरूप. शिकलेल्या मध्यमवर्गीय घरांनी ते उचलून धरलं. शिशुविहारचं नाव झालं आणि ताराबाईंचंही झालं. 1939 मध्ये गिजुभाई वारले. मग या चळवळीचा भार ताराबाईंवरच आला.

पण एक बोच राहिली होती. दादरच्या बालमंदिरात येणारी मुलं कुणाची होती? ज्या घरांत पुस्तकं होती, शिकलेली आई होती, फी भरायची ऐपत होती त्या घरांची. साधनंही महाग होती. मग देशातल्या सात लाख खेड्यांतल्या पोरांचं काय, हा प्रश्न त्या काळी गांधीजींनी बालशिक्षणाचं काम करणाऱ्यांपुढे ठेवला होता.

इथं आपल्याला जवळचं असलेलं एक नाव येतं, ते डॉक्टर झाकिर हुसेन यांचं. जामिया मिल्लियाचे हे कुलगुरू पुढे 1967 मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद झाकिरसाहेबांकडे आलं. हाताच्या कामातून, मातृभाषेतून, मोफत शिक्षण, हा त्या आराखड्याचा पाया. पण तो सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होता. सात वर्षांखालच्या मुलांची वेगळी काळजी घ्यावी लागेल, हे लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं. खुद्द जामियात लहान मुलांच्या देखभालीचं काम गेर्डा फिलिप्सबॉर्न ही जर्मनीहून आलेली ज्यू बाई करत होती. मुलं तिला आपाजान म्हणत. 1943 मध्ये ती वारली आणि तिची कबर जामियाच्या कब्रस्तानात आहे. सांगायचा मुद्दा असा की लहान मुलांच्या शिक्षणाची काळजी त्या काळात धर्म, भाषा, देश न बघता कितीतरी लोक करत होते आणि आपली माणसं त्यात पुढे होती.

खेड्यातली सात वर्षांखालची मुलं, ही रिकामी जागा भरायला ताराबाई दादरची घडी मोडून निघाल्या. तेव्हा त्यांचं वय 53 वर्षांचं होतं.

बोर्डी : मुलं आली नाहीत, म्हणून शाळा गेली

डहाणू तालुक्यातलं बोर्डी गाव. घोलवड स्टेशनला उतरायचं आणि समुद्राच्या बाजूला जायचं. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं, लांबलचक किनारा. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी. गावात आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे शाळेची परंपरा चांगली होती. पण आजूबाजूच्या पाड्यांवर वारली समाज वेठबिगारीत पिचत होता. 1945 हेच वर्ष वारल्यांच्या उठावाचं. सावकार आणि जमीनदारांच्या शेतावर फुकट राबायचं नाही म्हणून हजारो आदिवासी गोदावरी परुळेकरांच्या बरोबर उभे राहिले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरमध्ये, बोर्डीत ताराबाईंचं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. यांचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. जन्म 1910 चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य चुलीपाशी संपायचं. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि 1945 मध्ये ताराबाईंची भेट झाल्यावर त्यांच्याबरोबर बोर्डीला आल्या त्या कायमच्या. संसार मोडलेली एक आणि बालपणीच विधवा झालेली दुसरी. समाजाने ज्यांना बाजूला टाकलं असतं अशा दोघींनी मिळून देशाची बालवाडी उभी केली.

सुरुवात सोपी नव्हती. गावात मध्यवर्ती बालवाडी उघडली. बऱ्या घरची मुलं आली. पण हरिजन वस्तीतली, ज्यांच्यासाठी खरं तर एवढा खटाटोप होता, ती येईनात. आईबाप पहाटे कामाला गेलेले. पोरांना तयार कोण करणार आणि आणणार कोण? शिवाय बरोबरीने बसायची त्यांना सवयच नव्हती. त्या काळच्या गावात कोण कुठं बसतं याचे नियम तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असायचे.

मग ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण झाडायचं, सारवायचं आणि तिथंच मुलं जमवायची. आधी त्यांचे हातपाय धुवायचे, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. बाया कामावरून येता-जाता थबकून बघायच्या. आपल्या पोराला कुणीतरी मायेने नाहू घालतंय, हे बघून त्यांचा विश्वास बसला. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर गल्लोगल्ली जो शब्द ऐकू येतो, तो या कामातून रूढ झाला.

साधनांचा प्रश्नही गावातच सुटला. माँटेसरीची लाकडी साधनं परदेशी मोजमापाची आणि महाग. ताराबाईंनी ती समजून घेतली आणि मग आजूबाजूला नजर टाकली. समुद्रावर शिंपले आणि शंख, झाडाखाली बिया, ओढ्यात गोटे, रानात पानं, बांबू आणि माती. लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरखरीत, एक-दोन-तीन हे सगळं त्यातूनच शिकवता येतं. शिंपले मोजायला पैसे पडत नाहीत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळं सांगायची गरज नाही. त्यांचे खिसे तर शिंपल्यांनी भरलेलेच असतात.

कोसबाड : एकाच आवारात पाळणा, बालवाडी आणि शाळा

बोर्डीत दहा-बारा वर्षं काम केल्यावर 1957 च्या सुमारास ताराबाईंनी केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलवलं. आता मुलं होती वारली पाड्यांवरची. वय पासष्टीचं, रस्ता चढाचा, पावसाळ्यात चिखल. आणि इथं त्यांना एक कोडं पडलं, ज्यासाठी आम्ही ही सगळी हकीकत सांगत आहोत.

प्राथमिक शाळा होती, पण मुलं टिकत नव्हती. लोक म्हणत, आदिवासींना शिक्षणाची आवड नाही. ताराबाईंनी हे ऐकून घेतलं नाही. कोण येत नाही आणि त्या वेळी ते मूल काय करत असतं, हे त्यांनी पाड्यावर जाऊन पाहिलं. काही मुलं गुरं राखायला जात. बऱ्याच मुली धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या. आईबाप रानात नाहीतर शेतावर. तान्हं पोर एकटं टाकून मुलगी शाळेत येणार कशी? कडेवर घेऊन आली तरी ते वर्गात रडणार, मास्तर ओरडणार, ती पुन्हा येणार नाही.

गुराख्यांसाठी केंद्राने कुरणशाळा काढली, म्हणजे जिथं गुरं चरतात तिथंच शाळा. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. आणि भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी जे केलं त्याचं नाव विकासवाडी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. थोरलीने यायचं, कडेवरचं तान्हं पाळणाघरात द्यायचं, चार वर्षांच्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः आपल्या वर्गात जाऊन बसायचं. मधल्या सुट्टीत जाऊन बघायचं, की बाळ झोपलंय का, भावाने खाल्लं का. मन निर्धास्त झालं की पाटीवर लक्ष लागतं. शाळा सुटली की तिघं मिळून घरी.

यात आणखी एक फायदा झाला. बालवाडीतलं मूल रोज शाळेच्या अंगणात खेळायचं, मोठ्यांची गाणी ऐकायचं, गुरुजींना ओळखायचं. सहा वर्षांचं झाल्यावर ते पहिलीत गेलं तेव्हा रडलं नाही, कारण त्याला ती जागा आपलीच वाटत होती. बालवाडीची बाई आणि पहिलीचे गुरुजी एकमेकांशी बोलत, त्यामुळे खेळातून अक्षराकडे मूल सहज सरकायचं. पहिलीतून गळणारी मुलं वाचवायची असतील तर काम पहिलीच्या आधीच सुरू करावं लागतं, हे कोसबाडने दाखवून दिलं.

1962 मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ऑगस्ट 1973 मध्ये वयाच्या 81 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. अनुताईंनी पुढे 1992 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरच्या श्वासापर्यंत, ती टेकडी सांभाळली. त्यांना 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. बोर्डीच्या सारवलेल्या अंगणातून निघालेली गोष्ट काश्मीर ते कन्याकुमारीपर्यंत पोहोचली.

पण विकासवाडी मागे राहिली

अंगणवाडी देशभर गेली, ही आनंदाची गोष्ट. पोषण आहार, लसीकरण, वजन घेणं, शाळापूर्व शिक्षण हे सगळं तिच्यातून होतं, आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या सेविका आणि मदतनीस यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. मात्र ताराबाईंची दुसरी अर्धी कल्पना, म्हणजे लहान मुलांची सोय शाळेच्या आवारातच करायची, ती सगळीकडे गेली नाही. अनेक ठिकाणी अंगणवाडी एका गल्लीत आणि शाळा दुसऱ्या टोकाला. दोन्हींच्या वेळाही वेगळ्या. धाकट्याला सोडायला आणि आणायला पुन्हा थोरलीच लागते आणि तिचा तास बुडतोच.

कायदा काय म्हणतो तेही बघू. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासनाने सोय करावी असं त्याच्या कलम 11 मध्ये आहे, पण त्याला हक्काची धार नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. प्राथमिक शाळेच्या आवारात अंगणवाडी असावी हा पर्यायही त्यात आहे. म्हणजे कोसबाडची गोष्ट आता सरकारी कागदावरही आली आहे. कागदावरून ती आपल्या गावातल्या शाळेच्या फाटकाआत आणायची, एवढंच बाकी आहे.

अर्नाळ्याने काय करावं?

अर्नाळा हे किनाऱ्यावरचं गाव. समोरच्या बेटावर किल्ला, किल्ल्यात मंदिरही आहे आणि शाहअली-हाजीअली यांच्या मजारीही. पहाटे मासळीचं काम सुरू होतं. बाया टोपल्या घेऊन बाजाराला निघतात, बोंबील वाळत घालायचे असतात. आपल्या समाजातले बरेचसे लोक विरार-नालासोपाऱ्याला किंवा लोकल पकडून मुंबईला कामाला जातात. कोळ्याचं घर असो, आदिवासी पाडा असो की आपला मोहल्ला, आईबाप सकाळी बाहेर आणि धाकटं पोर थोरलीच्या कडेवर, हे चित्र सगळीकडे एकच. म्हणून ही मागणी एका समाजाची करू नये. सगळ्यांनी मिळून करावी. बोर्डीत ताराबाईंनी सगळ्यांना एका अंगणात बसवलं, तेच इथंही व्हावं.

हत्यार आपल्या हातात आहे. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. बऱ्याच शाळांत ही समिती सहीपुरती उरली आहे, कारण आपण सभेला जात नाही. आपल्या बहिणींनी या सभेला जावं आणि ठराव मांडावा. आवारात रिकामी खोली असेल तर तिथं अंगणवाडी आणा. नसेल तर शाळेची आणि अंगणवाडीची वेळ जुळवा. ग्रामसभेत विषय घ्या. एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा. पहिल्या फेरीत काम होणार नाही, हे धरूनच चला. ताराबाईंच्या बालवाडीतही पहिल्या दिवशी सगळी मुलं आली नव्हती.

काही घरांतून शंका येतात, त्याही मोकळेपणाने बोलू. पहिली शंका, सरकारी ठिकाणी पोरं काय शिकणार? उत्तर असं, की आईबाप लक्ष घालतात तिथं शिकतात. घरच्या नर्सरीची भरमसाट फी भरून तीन वर्षांच्या मुलाकडून एबीसीडी घोकून घेतली जात असेल, तर त्याला ताराबाईंनी शिक्षण म्हटलं नसतं. दुसरी शंका भाषेची. लहान मुलाशी घरच्या बोलीत बोललं पाहिजे. घरी दखनी असो, कोकणी असो की मराठी, बालवाडीच्या बाईला ती कळली पाहिजे. त्यासाठी आपल्या मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलींनी सेविका, मदतनीस आणि बालशिक्षिका व्हावं. तिसरी शंका दीनी तालीमची. मकतबची वेळ वेगळी ठेवता येते आणि बहुतेक ठिकाणी ती असतेच. बालवाडी मकतबच्या आड येत नाही. उलट बसायला, ऐकायला, स्वच्छ राहायला शिकलेलं मूल मकतबमध्येही रमतं.

आपला दीन तर लहान मुलांच्या बाबतीत फार हळवा आहे. हजरत मुहम्मद (सल्ल.) नमाज पढवत असताना नात उमामा खांद्यावर असायची. सज्द्यात नातू पाठीवर चढला तर ते सज्दा लांबवत. मागच्या सफमधून बाळाच्या रडण्याचा आवाज आला तर आईच्या जिवाची घालमेल होऊ नये म्हणून नमाज आटोपती घेत. ज्या मशिदीत खुद्द रसूल (सल्ल.) इमाम होते, तिथं लेकुरवाळ्या आईला जागा होती. मग आपल्या गावच्या शाळेत धाकट्या भावाला घेऊन आलेल्या बहिणीला जागा का नसावी?

ताराबाई मोडक आपल्या समाजाच्या नव्हत्या. त्यांचा धर्म वेगळा, घर वेगळं. पण चांगलं काम कुणीही करो, ते सगळ्यांची अमानत असतं. मुलगी शाळेत का येत नाही हे विचारायला त्या तिच्या घरापर्यंत चालत गेल्या आणि तिला दोष देण्याऐवजी तिच्या कडेवरचं ओझं उतरवून घेतलं. हे काम आता आपल्या जिल्ह्यात आपल्यालाच पुढे न्यायचं आहे.

या जूनमध्ये धाकट्याच्या नर्सरीची चौकशी करताना एक प्रश्न घरात जरूर विचारावा. गेल्या वर्षी थोरलीचे किती दिवस बुडाले? शाळेतून हजेरीचा आकडा मागून घ्या आणि तो घेऊनच व्यवस्थापन समितीच्या सभेला जा. अल्लाह आपल्या मुलामुलींचं शिक्षण सोपं करो आणि आपल्याला त्यासाठी उठून उभं राहण्याची तौफिक देवो. आमीन.